हरिणीचं प्रकरण

पप्पांच्या डोळ्यांचे थेंब घ्यायला लेदा औषधाच्या दुकानात शिरली तेव्हा तिच्या मनात विशेष काही नव्हतं. बाहेर फेब्रुवारीतली ओली थंडी होती, ट्राममध्ये तिच्या बुटावर कुणीतरी पाय दिला होता, आणि संध्याकाळच्या आत पप्पांकडून एका कागदावर सही घ्यायची होती, एवढंच. काउंटरमागच्या पांढऱ्या कोटातल्या बाईनं डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेतली, नाव वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“गाल्वान्यो? पुस्तकवाले प्रोफेसर गाल्वान्यो?”

“हो. माझे वडील.”

“अगं बाई! आहेत अजून?” मग स्वतःच ओशाळून हसत ती म्हणाली, “म्हणजे, देव त्यांना आयुष्य देवो. आमच्या घरी त्यांच्या देवादिकांच्या गोष्टींचं पुस्तक होतं. पार फाटलं तरी आई टाकायची नाही. आमचा धाकटा भाऊ घटसर्पानं गेला ना, तेव्हा आई आम्हाला रोज ते हरिणीचं प्रकरण वाचून दाखवायची. राजा स्वतःच्याच मुलीवर बळी द्यायला सुरी उगारतो आणि देवी धुक्यातून येऊन मुलीला उचलून नेते, वेदीवर हरिणी ठेवते. आई म्हणायची, आपल्या बाळाचंही तसंच झालं. खाटेवर होतं ते आपलं बाळ नव्हतंच. फार आधार वाटायचा हो.”

“आणि खरं कळलं तेव्हा?” लेदानं विचारलं. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा चढा निघाला.

“काय कळलं?” बाईनं विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

लेदा दुकानाबाहेर आली, रस्त्याकडेच्या कमानींखालून चालू लागली आणि दोन चौक ओलांडल्यावर तिच्या लक्षात आलं की थेंब घ्यायचेच राहिले. परत जायला हवं होतं. पण त्या बाईचा तो स्वच्छ, गोल चेहरा पुन्हा पाहायची तिची तयारी नव्हती. काय कळलं, म्हणे. चाळिशीची बाई, विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली जिच्या गळ्यात आहे अशी बाई, आणि विचारते काय कळलं. लेदाला वाटलं होतं की आपण एकट्याच फसलो. गेली कित्येक वर्षं तिनं हा राग एखाद्या जुन्या, आपल्या एकटीच्या दागिन्यासारखा सांभाळला होता. आता कळत होतं की या शहरात, या देशात, गल्लोगल्ली असे फसलेले लोक आहेत, आणि ते आनंदात आहेत. पप्पांचे आभार मानताहेत. तिच्या रागाला कुठेच सोबत नव्हती.

पप्पांच्या त्या पुस्तकात कुणी मरतच नसे. मेणाचे पंख वितळून इकारो समुद्रात पडे, पण खाली नेमके कोळी जाळं टाकून बसलेले असत; ते त्याला वर काढत, ब्लँकेटमध्ये गुंडाळत आणि गरम सूप देत. नियोबेची सगळी पोरं देवांच्या बाणांपासून तळघरात लपून वाचत. मेलेल्या बायकोला पाताळातून परत आणताना ओर्फेओनं मागं वळून पाहिलं, तर ती थोडी मागं राहिली होती इतकंच. ती धापा टाकत येऊन पोचे. लहानपणी लेदाला या गोष्टी तोंडपाठ होत्या. लिचेओत, म्हणजे वरच्या शाळेत गेल्यावर ग्रीकच्या बाईंनी मूळ गोष्टी सांगितल्या, तेव्हा लेदानं भर वर्गात हात वर करून सांगितलं होतं की इकारो वाचला. वर्ग हसला होता. “हंसिणीला कोळ्यांनी सांगितलं असेल,” असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं होतं. कारण पप्पांनी तिचं नावसुद्धा त्याच गोतावळ्यातून उचललेलं, हंसाचं रूप घेऊन देवानं जिच्यावर बळजबरी केली त्या लेदाचं, आणि त्या लेदाचं हंसाबरोबर नेमकं काय झालं तेही त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मते हंसानं तिला तळ्यावर फिरवून आणलं होतं.

आता प्रकाशकांना पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची होती आणि ती करायचं काम लेदाकडे आलं होतं. ती शाळेची वाचनमाला संपादित करायची, शिवाय आडनाव तेच. सगळ्यांना हे फार सोयीचं वाटलं. संपादक मार्किझिओ वयानं तिच्यापेक्षा लहान, नेहमी बाह्या दुमडलेल्या. तो म्हणाला होता, “सिन्योरा, काळ बदललाय. पोरं जेवताना टीव्हीवर व्हिएतनाम बघतात. त्यांना कोळी आणि सूप काय सांगता? इकारो बुडू दे. सगळ्यांना रीतसर मरू दे. फक्त प्रोफेसरांची संमती आणा, मुखपृष्ठावर नाव त्यांचं आहे.” लेदानं वर्षभर काम केलं होतं. इकारोला बुडवताना तिला एक थंडगार समाधान मिळालं होतं, नियोबेच्या पोरांच्या वेळी जरा कमी. आणि पप्पांनी, आश्चर्य म्हणजे, सगळं मान्य केलं होतं. ती मोठ्यानं वाचून दाखवायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, “बुडव. माझं काही म्हणणं नाही. पोहायला शिकायला हवं होतं त्यानं.” फक्त हरिणीपाशी येऊन ते अडले होते. ती पोर मरायची नाही, म्हणाले. का नाही? तर नाही.

नदीच्या बाजूनं वारा आला आणि लेदानं कोटाची कॉलर वर केली. वांकिल्या भागातल्या पप्पांच्या घराकडे जाताना तिला नेहमी एक गोष्ट जाणवे: शेवटच्या वळणावर तिची चाल आपोआप वाढते. मुद्दाम हळू चाललं तरी पिंढऱ्यांना काहीतरी आठवत असे. आई डोंगरातल्या क्षयरोग्यांच्या इस्पितळात गेली तेव्हा लेदा आठ वर्षांची होती. हवापालट, एवढंच तिला सांगितलं होतं. मुलांना तिथं नेत नसत. पण घरात नुकताच टेलिफोन आला होता, अरुंद पॅसेजच्या भिंतीवर, काळा, लेदाचा हात पोचणार नाही इतका उंच. आणि दुपारी शाळेतून ती घरी आली की पप्पा पॅसेजमध्ये उभे असत. “आत्ताच ठेवला बघ. आईचा फोन होता. थोडक्यात चुकलीस.” आईनं काय विचारलं, काय सांगितलं, ते मग जेवताना कळे. बर्फ कसं पडलं. कोणती नर्स कशी चालते. लेदा दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्याबरोबर पळत सुटे. गुडघे फुटत, दप्तर उघडं पडे, एकदा तर ती सायकलखाली येता येता वाचली. जिना चढून दार ढकलते तो पप्पा उभे. “आत्ताच ठेवला बघ.” आपल्या पायांचा तिला इतका राग यायचा! आपण जोरात पळत नाही म्हणून आई आपल्याशी बोलू शकत नाही असं तिला वाटायचं. अख्खा हिवाळा ती पळत होती. आणि आई हिवाळ्याच्या सुरुवातीलाच वारलेली होती.

ते तिला कळलं शिंपिणीकडून. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी पांढरा झगा शिवायचा होता. देसोलीना, म्हणजे घरातली कामाची बाई, तिला मापं द्यायला घेऊन गेली होती. स्टुलावर उभ्या लेदाच्या भोवती फिरत शिंपीण देसोलीनाला म्हणाली, “आई नाही बिचारीला, तर झालर मी जरा जास्तच लावते.” लेदा म्हणाली, “आईचा काल फोन आला होता.” शिंपिणीच्या ओठांत टाचण्या होत्या. ती खाली बसली आणि झग्याचा घेर टाचत राहिली, आणि देसोलीना खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बस. एवढंच. कुणी रडलं नाही, कुणी जवळ घेतलं नाही. त्या दिवशी घरी जाताना लेदा चालत गेली. पप्पा पॅसेजमध्ये उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, देसोलीनाकडे पाहिलं आणि ते आपल्या खोलीत गेले. त्यानंतर फोनचं नाव कुणी काढलं नाही. त्या उन्हाळ्यात पप्पा ते पुस्तक लिहायला बसले, आणि पहिलं प्रकरण त्यांनी लिहिलं ते हरिणीचं.

दार देसोलीनानं उघडलं. आता तीही म्हातारी झाली होती, आणि दोन म्हाताऱ्यांचं ते घर उकडलेल्या भाजीच्या वासानं भरून गेलं होतं.

“आज जपून हं, लेदा,” ती कुजबुजली. “सकाळपासून तिरसटलेत. म्हणतात सूप म्हणजे भांडी धुतलेलं पाणी आहे. चाळीस वर्षं हेच पाणी पितायत.”

“कोण आहे?” आतून आवाज आला. “खुनी आली का?”

पप्पा खिडकीशी खुर्चीत बसले होते. गुडघ्यांवर शाल, शालीवर ताट, आणि ते ग्रिसिनीच्या, म्हणजे कडक पावाच्या काड्या मोडून मोडून सुपात टाकत होते. नजर आता जवळजवळ गेली होती. निम्मे तुकडे शालीवर पडत होते. लेदानं कोट काढला नाही. कोट काढला की आपण बसणार, बसलो की ते दुसरंच काही बोलत राहणार, आणि दिवस जाणार, हे तिला माहीत होतं.

“थेंब आणलेस?”

“राहिले. उद्या आणते.”

“बघ. इकारोला बुडवायला वेळ आहे, बापाच्या थेंबांना नाही.”

“पप्पा, मार्किझिओला आज उत्तर द्यायचंय. हरिणीचं प्रकरण मी लिहिलंय तसं जाऊ दे. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“नाही.”

“कारण सांगा.”

“कारण हरिणी होती. प्राचीनांनीच सांगितलंय. काहींच्या मते मुलगी मेली, काहींच्या मते देवीनं तिला दूर देशी नेलं. दोन्ही आहे. मी एक निवडलं. हे मी माझ्या घरातलं आणून घातलेलं नाही.”

“तुम्ही नेहमी तेच निवडता.”

“आणि तू नेहमी दुसरं.”

“कारण दुसरं खरं आहे!”

“खरं?” पप्पांनी काडी मोडली. “दियाना नावाची देवी धुक्यातून येते, त्यातलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे तू मला सांगणार? मी हे जन्मभर शिकवलंय.”

तेच. नेहमीचंच. ते वादाला नेमके तिथं नेत, जिथं ते प्रोफेसर होते आणि ती विद्यार्थिनी. आपण त्रेचाळीस वर्षांच्या आहोत, हे तिनं स्वतःला सांगितलं. ती कितीदा या खोलीत एकच वाक्य बोलायला म्हणून आली होती. बसस्टॉपवर, अंघोळ करताना, वाचनमालेची प्रुफं तपासताना ते वाक्य ती जुळवत असे, आणि इथं आली की ते सुपासारखं निवून जाई. खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं. ती चादरीकडे बघत म्हणाली,

“गोष्टीत राजा मुलीला सांगतो की तुझं लग्न आहे, ये. ती नटूनथटून येते. तुमच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकलंय. मला विचाराल तर हरिणी येते की नाही याला काही अर्थ नाही, पप्पा. मुलगी वाटभर खुशीत आली, तिला पळवत आणलं, ते मला लिहायचंय. मी अख्खा हिवाळा पळत होते.”

स्वयंपाकघरात देसोलीना भांडी आवरत होती, तो आवाज थांबला.

पप्पांनी चमचा शोधला, सापडला नाही, तेव्हा ताट बाजूला ढकललं. लेदाला वाटलं आता ते म्हणतील. काय म्हणतील ते तिला ठाऊक नव्हतं. चुकलं म्हणतील, लहान होतीस म्हणतील, तुझ्यासाठीच केलं म्हणतील. यातल्या प्रत्येकाला तिच्याकडे उत्तर तयार होतं. तुझ्यासाठीच केलं, याला तर फारच चांगलं उत्तर होतं.

“तुझ्यासाठी नव्हतं ते,” पप्पा म्हणाले. त्रासून म्हणाले, जणू साध्या गणिताला पोरगी उगीच अडली आहे. “तुला काय, तू लहान होतीस, दोन दिवस रडली असतीस. मी सकाळी उठायचो तेव्हा ती मेलेली असायची. वर्गात मेलेली, ट्राममध्ये मेलेली. दुपारी तू जिन्यात धाडधाड यायचीस. तुझ्या डोक्यात ती खाटेवर बसलेली होती, केस विंचरत होती. मग मी बोलायला लागायचो आणि ती खरंच बसलेली असायची. जेवण होईपर्यंत. तेवढ्यावर मी दिवस काढायचो. त्या शिंपिणीकडे तू गेली नसतीस तर पुढच्याही हिवाळ्यात केलं असतं.”

लेदा उभी राहिली. उभीच होती, पण तिला वाटलं आपण आत्ता उभ्या राहिलो. तिच्याकडची सगळी उत्तरं दुसऱ्याच प्रश्नांची होती. आपल्याला फसवलं ते निदान आपल्यावरच्या मायेपोटी, हा एक कोपरा तिनं रागातही मऊ ठेवला होता. तोही त्यांनी सहज उचलून घेतला, आणि पश्चात्तापाचा लवलेश नाही. ती पळत होती ते एका माणसाच्या जेवणासाठी. सायकलखाली आली असती तर? तिला ओरडावंसं वाटलं. पण त्या क्षीण मानेकडे, शालीवरच्या तुकड्यांकडे पाहून ओरडणार कुणावर? तिचा राग इतकी वर्षं ज्या माणसाला शोधत होता तो उंच, काळ्या कोटातला, पॅसेजमधला माणूस या घरात राहिलाच नव्हता. त्याच्या जागी हा होता, आणि हा सूप नीट पिऊ शकत नव्हता.

“तर मग मार तिला,” पप्पा म्हणाले. “लिही तुझं. हरिणी काढून टाक. त्या बाह्या दुमडणाऱ्याला सांग, म्हाताऱ्यानं हो म्हटलं. आण तो कागद, कुठं सही करायची तिथं माझा हात ठेव.”

लेदानं कागद काढला, त्यांच्या बोटांत पेन दिलं, त्यांचा हात योग्य जागी नेला. सही तिरकी झाली, पण झाली. प्रकरण पुढे तिच्या मनासारखं छापून येणार होतं. वेदी, सुरी, मुलगी, आणि कुणी येत नाही. तिनं कागदाची घडी केली. जिंकल्यासारखं काहीच वाटेना. उलट दार जोरात ढकलावं आणि ते आधीच उघडं निघावं तसं झालं. आता इथून निघायचं, ट्राम पकडायची, मार्किझिओला फोन करायचा. तिनं पर्स बंद केली.

“लेदा.”

“काय?”

“काय म्हणायची गं ती?”

“कोण?”

“आई. फोनवर. मी काय काय सांगायचो तुला? परवापासून आठवून बघतोय. एक नर्स होती ना कुणीतरी? पुढचं जुळतच नाही.”

लेदाला हसू आलं आणि त्याच वेळी संतापानं तिचे कान तापले. हेही आता तिनंच सांगायचं. त्यांनी रचलं, त्यांनी वापरलं, आणि विसरूनही तेच मोकळे झाले. जपून ठेवलं तिनं. एकूण एक वाक्य तिच्यापाशी होतं. ती नाही म्हणू शकत होती. दारापर्यंत चार पावलं होती.

“नर्स बदकासारखी चालायची,” ती म्हणाली. “आई म्हणाली, रात्री तिची चाहूल आली की सगळ्या बायका पांघरुणात तोंड घालून हसतात.”

“हो!” पप्पांचा चेहरा उजळला. “बदकासारखी. आणि?”

“शेजारच्या खाटेवरची बाई झोपेत बाजारहाट करायची. कांदे कसे दिले, असं विचारायची.”

“आणि?”

“मी लोकरी मोजे घालते का. खिडकीवर चिमण्या येतात, त्यांना ती पाव ठेवते. परत आली की मला घेऊन टेकडीवर जाणार आणि आपण चेस्टनट भाजणार.”

“चेस्टनट,” पप्पा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते आणि मान किंचित एका बाजूला कलली होती, टेलिफोनच्या रिसीव्हरकडे कलावी तशी. “आणि?”

आणखी काही नव्हतं. लेदानं मनातल्या मनात पुन्हा सगळं चाचपून पाहिलं. मोजे, चिमण्या, कांदे, बर्फ. संपलं होतं. एका हिवाळ्याचं एवढंसंच निघालं. पण ते वाट पाहत होते, तोंड अर्धवट उघडं, हनुवटीवर सुपाचा डाग. आणि स्वयंपाकघरात देसोलीनाही वाट पाहत होती, कारण भांडी अजून वाजत नव्हती. त्या साऱ्या फोनांमध्ये पप्पांनी स्वतःला कधीच घातलं नव्हतं, हे लेदाच्या आत्ता, पहिल्यांदाच लक्षात आलं. आई कधीच त्यांच्याबद्दल विचारत नसे.

“एकदा तिनं तुमच्याबद्दल विचारलं,” लेदा म्हणाली. “म्हणाली, ते जेवतात का नीट? की नुसत्या ग्रिसिनी मोडत बसतात?”

पप्पांचे ओठ हलले. लेदाला भीती वाटली की ते ओळखतील. ते प्रोफेसर होते, खोटा पाठ त्यांना लगेच कळायचा.

“हो,” ते हळूच म्हणाले. “हे विचारलं होतं तिनं.” आणि थोड्या वेळानं, “मग मी काय सांगितलं?”

लेदानं कोटाची बटणं काढली, खुर्ची ओढली आणि त्यांच्याजवळ बसून ते काय म्हणाले असतील याचा विचार करू लागली.